कच्ची केळी, शेंगदाण्याचं कालवण आणि नाकाटोचं नाव

परवा म्हसावदला आमच्या घरी सोयरे जेवायला आले होते... आणि माझ्यामुळे त्यातले दोघं अर्ध्या ताटावरून उठून गेले.

महायुद्ध सुरू झालं तशी यांनी आफ्रिकेतली, कंपालाची रेल्वेतली नोकरी सोडली. आगबोटीनं मुंबई, मग नंदुरबार स्टेशन, तिथून बैलगाडीनं घर. आता आम्ही सासऱ्यांच्या शेतीतच आहोत.

तिकडे कच्ची केळी केळीच्याच पानात गुंडाळून वाफवतात आणि शेंगदाण्याच्या दाट कालवणाबरोबर खातात. इथे केळी मळ्यात, शेंगदाणे घरात... मग अडतंय कुठे? मी फक्त आपली लाल मिरची आणि लसूण घातला. सासरे तर आता भाकरी बाजूला सारून तेच खातात.

पण यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कुणी विचारलं तर सुरतेच्या शेजारणीनं शिकवलं म्हणायचं.

शेजारीण होती, पण सुरतेची नव्हती. नाकाटो तिचं नाव, तिथलीच. माझी मुलगी जन्मली तेव्हा हे लाइनवर लांब गेलेले, मी तापानं फणफणलेली... त्या बाईनं घास भरवून मला उभं केलं. पाणीसुद्धा तिच्याच हातचं प्यायले.

परवा पंगत बसली. यांच्या मामांनी बोटं चाटत आत हाक दिली, "कोनी शिकाडं तुले हाई?"

हे माझ्याकडे बघत होते. मला कळत होतं, काय बोलायला हवंय ते...

आमच्यात सून पुरुषांसमोर तोंड उघडत नाही. मी पदर नीट केला, दारात आले आणि सांगितलं, "नाकाटोनं. आफ्रिकेतल्या माझ्या शेजारणीनं. तिच्या हातचं खाल्लं म्हणून मी आणि माझी पोर जगलो."

मामा उठले, पाठोपाठ त्यांचा मुलगा. यांनी मान खाली घातली. सासरे एवढंच म्हणाले, "सूनबाई, आत जा."

"जाते," मी म्हटलं. "पण खोटं नाही बोलणार."

मग आम्ही बायका जेवायला बसलो. कुणी पातेल्याला हात लावेना. मीच माझ्या ताटात वाढून घेतलं आणि खायला लागले.

तेवढ्यात मोठ्या जाऊबाईंनी आपलं ताट पुढे सरकवलं. वर्षभरात माझ्याशी कामापुरतंच बोललेली बाई ती. म्हणाल्या, "माले बी वाढ. आन् तिन्हं नाव काय सांगं तू? परत सांग."

मी परत सांगितलं. त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, चुकल्या, पुन्हा म्हणाल्या...

मामांचा राग गेलेला नाही. नसू दे. हेही अजून धड बोलत नाहीत. आज पुन्हा केळी वाफवायला ठेवली आहेत आणि जाऊबाई मला न विचारता शेंगदाणे कुटायला बसल्या आहेत. त्यांचे उपकार कसे मानायचे ते मला सुचत नाही... म्हणून नुसतीच शेजारी बसले आहे.