थरथरीचा आकडा

शालिग्राम चौधरी सर आमच्या शाळेत खेळ शिकवतात आणि मी गणित. ते मूळचे निंबोल्याचे. घरची केळी, लहानपणापासून घड वाहून खांदे एवढे रुंद झालेले की तयार शर्ट त्यांना कधी बसलाच नाही. बुऱ्हाणपुरात इतवाऱ्याजवळच्या आमच्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं खो-खोच्या मुली तयार केल्या. संघात यायचं तर त्यांची एकच अट. कोपरं आणि पायांची बोटं टेकायची, अंग फळीसारखं सरळ धरायचं आणि दीड मिनिट तसंच थांबायचं. याला प्लँक म्हणतात. त्याआधी जी खाली आली ती सरांच्या लेखी कामचोर.

पूजा नववीत होती. घर धूलकोटला, शिक्षणासाठी बुऱ्हाणपूरला मावशीकडे राहायची. उंच, सडपातळ. पळायला लागली की कोणाच्या हाती लागायची नाही. पण प्लँकमध्ये वीस सेकंदांत तिचं अंग थरथरू लागायचं आणि चाळीस व्हायच्या आत कंबर जमिनीला टेकायची.

गेल्या ऑगस्टमध्ये निवडीच्या दिवशी तसंच झालं. सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"क्या नाटक लगा रखा है? थरथरून दाखवते! ताकद आहे तुझ्यात, नियत नाही." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "टाळ्या वाजवा गं. हिरोईन आली आहे आपल्याकडे."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी व्हरांड्यात उभी होते. मला हसू आलं, आणि मी ते आवरलं नाही. पूजाने बूट हातात घेतले आणि अनवाणीच मैदानातून निघून गेली. त्यानंतर ती खेळाच्या तासाला आली नाही.

डिसेंबरात सरांची कंबर धरली. ते पूर्णिमाताईंकडे जाऊ लागले. त्या फिजिओथेरपिस्ट, गावातच त्यांचा दवाखाना. त्यांची पद्धत सरांना भलतीच आवडली. कंबरेच्या पट्ट्यात मोबाइल अडकवायचा आणि व्यायाम करायचा. अंग किती हलतं ते मोबाइलमधला सेन्सर टिपतो आणि शेवटी एक आकडा दाखवतो. सरांनी त्यांना मुलींची तपासणी करायला शाळेतच बोलावलं. ताईंना सगळ्या अंगकाठीच्या मुली हव्या होत्या, म्हणून यादीत पूजाचं नाव मीच घातलं. ती नको म्हणत होती. मी आग्रह केला.

प्रत्येकीने प्लँक करायचा होता, आकडे लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. अकरा मुलींचे आकडे शून्य पूर्णांक चार ते शून्य पूर्णांक सहाच्या मध्ये आले. पूजाचा आला एक पूर्णांक तीन.

सर वहीत डोकावले. "बघा, मी म्हणत नव्हतो? हलतेच ती."

"हलते म्हणजे आळस करते, असं नाही हो सर," पूर्णिमाताई म्हणाल्या. "व्यायाम त्या अंगाला जितका जड, तितकी ही थरथर जास्त. या मुलींना जे सोपं जातंय ते हिला दुपटीहून जड जातंय. तरी अडतीस सेकंद टिकली. हिला आधी गुडघे टेकवून करायला द्यायला हवं होतं."

सर हळूच म्हणाले, "माझा किती आला होता, मॅडम?"

"एक पूर्णांक एक. आणि तेव्हा तुम्ही म्हणालात, 'जीव काढला मॅडम माझा.'"

सरांचा चेहरा उतरला. पूजा पट्टा सोडत होती. तिने वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर माइकपाशी गेले. मला वाटलं, काही सूचना असेल. त्यांनी सगळ्या शाळेसमोर पूजाचं नाव घेतलं, तिचा आकडा सांगितला, तिची थरथर खरी होती असं सांगितलं आणि हात जोडून माफी मागितली. सहाशे डोकी एकदम पूजाकडे वळली. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव 'एक पॉइंट तीन' पडलं होतं. पुढचे तीन दिवस ती शाळेत आली नाही.

चौथ्या दिवशी सर माझ्याकडे आले. "मॅडम, चला माझ्याबरोबर. एकट्याने जायची हिंमत होत नाही."

पूजाच्या मावशीने आम्हाला घराच्या ओट्यावर बसवलं. पूजा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"बेटा, मी माफी मागितली ना?" सर म्हणाले.

"मागितली. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून मागितली, सर. मला विचारलं होतं का?"

"नाही विचारलं."

"सगळे विसरून गेले होते. मीपण विसरून राहिली होती."

सर म्हणाले, "आता विचारतो. काय करू?"

"काही नका करू. फक्त मी व्यायाम करताना तुम्ही बघू नका."

निवडीच्या दिवशी मीही हसले होते, एवढंच मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे मॅडम. मी पाहिलं होतं."

सोमवारी पूजा शाळेत आली. संघात ती परतली नाही. संध्याकाळी पूर्णिमाताईंकडे जाते, गुडघे टेकवून सुरुवात केली आहे. सरांनी दीड मिनिटाची अट काढून टाकली. आता ते प्रत्येक मुलीला आधी विचारतात, कितपत जमतंय. आणि विचारताना त्यांचा आवाज अजून अडखळतो.

गेल्या महिन्यात बाजारात त्यांना उषा भेटली. पंधरा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, आता बांगड्यांचं दुकान चालवते. सरांनी तिला ओळखलं आणि तिथेच विचारलं, "तुलाही मी कामचोर म्हटलं होतं ना?"

उषा हसली. गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवता चढवता म्हणाली, "म्हटलं होतं ना सर. मग मी खेळायचंच सोडलं. बसा ना, चहा सांगते."

सरांनी मला हे स्टाफरूममध्ये सांगितलं. मी विचारलं, चहा घेतला का. म्हणाले, "घेतला. तिने इतक्या प्रेमाने दिला, की नाही म्हणायलाही तोंड नव्हतं."