साच्यांच्या आवाजातलं बोलणं

वडिलांना मी जपानला नेलं ते त्यांचं मन वळवायला. त्यात मोठेपणा काही नव्हता. ओसाकातल्या पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला कंपनी घरातल्या एका माणसाला सोबत नेऊ देत होती. बायकोच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. तीच म्हणाली, "बाबांना घेऊन जा. दोघंच असाल तर कदाचित सांगतील."

आमच्या करी रोडच्या घरात बाबांनी स्वतःची ट्रंक भरून ठेवली होती. मालवणकडच्या गावी कायमचं जाऊन राहायचं म्हणत होते. आई गेल्यापासून गावचं घर बंदच होतं. का जाता, असं कितीदा विचारलं. "बघूया" याच्यापुढे उत्तर नाही.

बाबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. संपाच्या वर्षी त्यांनी आईला आणि आम्हा भावंडांना गावी पाठवलं. मी तालुक्याच्या शाळेत शिकलो. ते मुंबईतच राहिले, आधी संप मिटायची वाट बघत आणि मग एका इमारतीच्या गेटवर वॉचमन म्हणून. त्या पगारावर मी इंजिनियर झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी चारचौघांत नेहमी सांगतो. बाबांचे उपकार आपल्याला पक्के ठाऊक आहेत, अशीच माझी समजूत होती.

मधल्या रविवारी सुट्टी मिळाली आणि मी त्यांना वर छत असलेल्या एका लांबच लांब बाजारात नेलं. कापडाच्या एका दुकानापाशी ते थांबले. निळ्या कापडाचा तुकडा हातात घेऊन त्यांनी उलटा केला, उजेडात धरला, किनारीवरून नख फिरवलं. दुकानातली म्हातारी बाई ते बघून आत गेली आणि वेगळाच एक तागा घेऊन आली. बाबांनी त्याच्याही किनारीवर नख फिरवलं आणि मान डोलावली. बाई कमरेत वाकली. मग बाबा वाकले. मग पुन्हा बाई. मी दंडाला धरून बाहेर काढलं नसतं तर दोघं दुपारपर्यंत वाकत राहिले असते.

जेवायला एका लहानशा खाणावळीत शिरलो. बाहेर काचेत भाताचे वाडगे, मासे, शेवया मांडून ठेवलेल्या. बाबा म्हणाले, "मेल्यांनी जेवाण भायर मांडून ठेवल्यानी. एक माशी नाय बघ!"

"प्लास्टिकचं आहे ते, बाबा," दार ढकलता ढकलता मी म्हणालो.

आत जाऊन बसलो तरी ते बाहेरच कौतुक करत उभे. मला परत जाऊन आणावं लागलं.

भाजलेला बांगडा आणि भात आला. वाडग्यात मान घालून खाताना मी पुन्हा विषय काढला, "बाबा, गावी आता कोण आहे तुमचं?"

"बरो आसा," ते म्हणाले. "ताजो आसा. पण तिरफळ नाय, कोकम नाय."

माझं डोकं फिरलं. मी कुणाबद्दल विचारतोय आणि हे बांगड्याबद्दल बोलतायत! मुद्दाम टाळतात, असंच वाटलं. उरलेला भात भराभर संपवून मी बिल मागितलं.

आमच्या मुलीने यंत्रातल्या चिमट्याने उचलायचं मऊ खेळणं मागितलं होतं, म्हणून जेवल्यावर आम्ही एका गेम सेंटरमध्ये गेलो. काचेचं दार आपोआप सरकलं आणि आवाज अंगावर आला. शेकडो यंत्रं एकदम वाजत होती. कुठे ढोल, कुठे गोळीबार, कुठे बारक्या आवाजातली गाणी. मी दोन्ही कान दाबून धरले.

बाबा मात्र दारातच ताठ उभे राहिले. चेहऱ्यावर हसू. बेंबीच्या देठापासून ओरडून मी म्हटलं, "बाहेर जाऊया!"

त्यांनी हात हलवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वरडू नको. नुसता तोंड हलव."

मला कळेना. आवाज न काढता, चेष्टेनेच, मी ओठ हलवले, "भूक लागली का?"

"आताच जेवलो मा रे, येड्या!" ते परत कानाशी येऊन म्हणाले.

मी चकितच झालो. साचेखात्यात एवढा गोंगाट असे की माणसाचा आवाज पोचतच नसे; कामगार एकमेकांचे ओठ वाचत, हे मी लहानपणी ऐकलं होतं. आम्हाला ती गंमत वाटायची.

"आता काय ता विचार," बाबा म्हणाले. "हय माका सगळा कळता."

"हय म्हणजे? घरी नाही कळत?"

"तोंड दिसला की कळता. घरात तुमी पाठ करून बोलतास. सूनबाय ओट्याकडे तोंड करून, तू बूट घालता घालता. माका आयकाक येणा नाय. मी आपलो 'बघूया' म्हणतंय."

"कधीपासून?"

"गिरणी चालू होती तेव्हापासून. सायबाक कळला असता तर वॉचमन कोणी ठेवला असता?"

म्हणजे माझी फी भरत होते ती सगळी वर्षं. आणि तरी मी तेच विचारलं, जे महिनाभर विचारत होतो, "मग गावी कशाला?"

ते पुन्हा माझ्या कानाशी आले.

"पोरगी न्हाणीत अडाकली होती. कडी निघत नव्हती. अर्धो तास वरडली. मी भायर पेपर वाचीत बसलंय. उद्या गॅस, आग, काय झाला तर? माझ्यावर पोर सोपवू नकात."

तो दिवस मला आठवत होता. ऑफिसातून येऊन मी त्यांच्यासमोर उभा राहिलो होतो आणि म्हणालो होतो, "लक्ष कुठे असतं तुमचं? एक मूल सांभाळता येत नाही?" बाबा "बघूया" म्हणाले नव्हते.

"तेव्हा तू समोर होतंस," ते म्हणाले. "ता मात्र सगळा कळला."

मी ओठ हलवले. "चुकलं माझं." नीट जमलं नाही, ओठ थरथरत होते. पुन्हा म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

"परत गेल्यावर कानाच्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हणालो. "आणि घरात सगळे समोर येऊन बोलतील. ट्रंक रिकामी करायची."

"दिवाळीपर्यंत ऱ्हवतंय. पोरग्येक एकटीक माझ्याकडे सोडायचा नाय, ह्या पयला कबूल कर. मगे डॉक्टर."

मी कबूल केलं. आता बाहेर पडू या, म्हणून मी दाराकडे वळलो, तर त्यांनी माझी बाही धरली. दोन यंत्रांमध्ये एक बाक होता, तिथे मला समोर बसवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी जे कधीच विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"तू कंपनीत नेमका काय काम करतस रे?"

मी सांगायला लागलो, हळूहळू, एकेक शब्द तोंडात नीट घोळवून.