क. ला.

संगणकाच्या लॉगमध्ये नोंद नाही ते घडलंच नाही, असं मानणारी मी बाई. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची आजवर टिंगलच केली. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय...

वाळूजच्या एका कारखान्याचा डेटाबेस मी सांभाळते. तो असतो क्लाउडवर, आणि दारावर फायरवॉल — यादीत ज्याचा इंटरनेट पत्ता, त्यालाच आत सोडायचं. हे काम देशमुख सरांनी शिकवलं. कोणासाठी दार उघडलं, की काम झाल्यावर बंद करायचं आणि शेऱ्यात लिहायचं 'क. ला.' म्हणजे कडी लावली. नवीन लोक विचारायचे, हा क. ला. कोण?

दिवाळीच्या आधी सर गेले. दोघांचं काम एकटीच्या डोक्यावर आलं. त्यांचं लॉगिन मीच बंद केलं. त्यांच्या घरचा इंटरनेट पत्ता मात्र यादीत राहिला... खरं सांगू, काढवला नाही.

त्या दिवशी दुपारपासून सॉफ्टवेअरवाल्याचा फोनवर फोन. "मॅडम, लई अर्जंट हाय, आत घ्या ना!" त्याचा पत्ता सारखा बदलत होता. वैतागून मी दहा मिनिटांसाठी दार सगळ्या जगाला उघडं टाकलं — आणि विसरून साडेपाचची कंपनीची बस पकडली.

नगर नाक्याच्या अलीकडे आठवलं. आत सगळ्या कामगारांचे आधार नंबर, घरचे पत्ते! ओटीपी येतो तो मोबाईल मेलेला. घरी पोचले, चपला न काढताच चार्जर लावला, लॅपटॉप उघडला.

दार बंद होतं. पाच बेचाळीसला. शेरा — 'क. ला.'

लॉगिन देशमुख सरांचं. पत्ता त्यांच्या घरचा.

सरांच्या बायकोला, काकूंना फोन लावला. त्या आता लेकीकडे, पुण्यात. "अगं, वायफाय तर तेराव्यानंतरच काढून टाकलं की. घराला कुलूप हाय." मग, "का गं? सगळं ठीक ना?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

क्लाउडवाल्यांनाही विचारलं. ते खातं बंदच आहे म्हणाले.

आता ऑडिटवाले म्हणतात, तो जुना पत्ता काढा. बरोबरच आहे त्यांचं. काल काढायला बसले, शेऱ्यात 'क. ला.' लिहिलंसुद्धा. मग वाटलं, कडी लावली तर सर बाहेरच राहतील...

पुसून टाकलं.