तांडेलच्या विहिरीचं पाणी

लॅबच्या सिंकखाली गाळ साठतो ना, तसे आमचे किस्से साठलेत. कोणी मुद्दाम साठवत नाही. जुना सहकारी, चिंचणीचा चुरी, भेटला की ते ढवळले जातात. आम्ही हसतो, शेवटचा किस्सा येईपर्यंत. किस्से सगळे बोईसरच्या रंगाच्या कारखान्यातले, ऐंशीनंतरचे, आणि सगळ्यांत तो काचेचा टँक.

*

टँक आणला आमच्या लॅब असिस्टंटनं, तांडेलनं. जवळच्याच खाडीकाठच्या नवापूरच्या मच्छीमाराचा मुलगा. मासे गावच्या डबक्यातले, बोटाएवढे, डोक्यावर चांदीचा ठिपका. कायम पाण्याच्या वरच्या थरात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं हौसेनं पाणवेली लावल्या, पण खाली उतरतील तर शपथ!

त्याची आई म्हणाली, "मासा बगाया ठेवतात? आन् वर त्यालाच खायाला घालतात? लोकं हसतील आमाला!"

*

पहिल्यांदा नळाचं पाणी भरलं. त्यात क्लोरीन. दुपारपर्यंत अर्धे मासे उलटे!

मग तांडेल दर सोमवारी घरच्या विहिरीचं पाणी सायकलवरून कॅनमध्ये आणू लागला. चुरीनं एकदा त्या पाण्याचा चहा केला आणि थुंकला. "हा चहा आहे की समुद्र?"

"आमच्या इहिरीची चव हाय ती," तांडेल म्हणाला. "घरचा मानूस झोपेतबी वळखील."

*

हे मासे उड्या मारतात, म्हणून टँकवर काच लागते. एका शनिवारी चुरी ती ठेवायला विसरला. सोमवारी तराजूमागे एक मासा वाळून कडक.

"तांडेल, सुकट तयार!" चुरी ओरडला. आम्ही खो खो हसलो.

तांडेलनं मासा कागदावर उचलला. "घरी सुकवाया आता एवडंबी गावत नाय. खाडीत मेलेलेच वर येतात."

चुरीनं त्या दिवशी डबा न उघडता परत नेला.

*

प्रदूषणाच्या तपासणीला अधिकारी येणार होते. मोठ्या साहेबांच्या सुपीक डोक्यातून बोर्ड निघाला: 'कारखान्यातून सोडलेल्या पाण्यात वाढलेले मासे'. अक्षर माझं. माझं अक्षर चांगलं म्हणून! अजून लाज वाटते.

अधिकारी खूश. "वा, काय खेळतायत!"

चुरी कुजबुजला, "तांडेल, तुझ्या विहिरीला प्रमोशन मिळालं रे!"

तांडेल टँकची काच पुसत राहिला. नोकरी अजून पक्की नव्हती आणि घर त्याच्याच पगारावर चालत होतं.

*

एका गुरुवारी नवापूरची माणसं मेलेल्या माशांची टोपली घेऊन गेटवर आली. साहेबांनी त्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्याला लॅबमध्ये आणलं. तो तांडेलचा बाप होता. साहेबांना पत्ताच नव्हता.

"बघा बाबा, आमच्याच पाण्यात कसे मजेत आहेत!"

म्हातारा वाकला. त्यानं ओंजळ बुडवली आणि एक घोट घेतला. चुरीनं तोंड फिरवलं.

म्हाताऱ्यानं मुलाकडे पाहिलं. मुलानं जमिनीकडे.

"पानी चांगलं हाय, साहेब," म्हातारा म्हणाला. बाहेर जाऊन त्यानं टोपली उचलली आणि माणसांना घेऊन परत गेला.

सोमवारी तांडेल रिकामा कॅन घेऊन आला.

मी विचारलं, "पाणी?"

"बाबानं इहिरीची दोरी काढून ठेवलीय."