टेबल नंबर सहाची नवी सिस्टीम

आमच्या नोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात टायपिस्टांची सहा टेबलं आहेत. शेवटचं, सहा नंबरचं, टायपिंगवाल्या बाईंचं, आणि त्याला खेटून माझं झेरॉक्सचं मशीन. एकोणीस वर्षं मी या बाईंच्या शेजारी उभा आहे. एवढा वेळ तर मी बायकोच्याही शेजारी काढलेला नाही, आणि बायको निदान अधूनमधून माझं ऐकते.

बाईंचं वय एकसष्ट. त्या टायपिंग शिकल्या तेव्हा मास्तर बटणांवर फडकं टाकायचे आणि म्हणायचे, नजर कागदावर. जो खाली बघेल त्याच्या बोटांवर पट्टी बसायची. मास्तर गेले, पट्टी गेली, टाइपरायटरही गेले, पण बाईंची नजर काही कागदावरून हलली नाही. मूळ कागद डाव्या हाताला उभा करायचा आणि शेवटच्या ओळीपर्यंत मान तशीच डावीकडे. पडद्याकडे बघायचं ते फक्त छापण्याआधी. पक्षकार घायकुतीला येऊन विचारतात, ‘‘झालं का हो?’’ बाईंकडून हूं की चूं नाही. छत कोसळलं तरी त्या आधी परिच्छेद पुरा करतील आणि मग अंगावरची माती झटकतील.

तर एके दिवशी साहेबांची नोटीस निघाली. ज्या कॉम्प्युटरच्या सिस्टीमला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, तो पंधरा तारखेपासून कचेरीच्या जाळ्याला जोडता येणार नाही. ज्याचा जोडता येणार नाही त्यानं टेबल रिकामं करावं. कचेरीतला कारकून रजेवर होता, म्हणून ही नोटीस टाइप केली बाईंनीच. स्वतःच्या मानेवरची सुरी स्वतःच्या हातानं घासून दिली म्हणा ना. प्रती मी काढल्या.

बाईंचा कॉम्प्युटर अकरा वर्षांचा. त्यातल्या सिस्टीमला कंपनीनं दुरुस्त्या पाठवणं कधीच बंद केलं होतं, आणि कंपनीची नवी सिस्टीम त्या मशीनवर चढत नव्हती. फाटकासमोर दुकान असलेला कॉम्प्युटरवाला लगेच हजर झाला. पहिल्या पाच टेबलांवर त्याचीच नवी मशीनं आली. सहाव्या टेबलापाशी येऊन त्यानं बाईंच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर टिचकी मारली.

‘‘मावशी, हे आता भंगार झालं. आणि या वयात नवीन घेऊन तरी काय करणार तुम्ही? टेबल सोडा, घरी आराम करा.’’

त्याच्या मेहुण्याला ते टेबल हवं होतं, हे व्हरांड्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

बाईंनी आधी चालू असलेली ओळ पुरी केली. मग चष्मा काढला. ‘‘मशीन चालू आहे ना माझं?’’

‘‘चालू आहे, पण...’’

‘‘चालू आहे त्याला भंगार म्हणायचं नाही. मलाही नाही, मशीनलाही नाही. सरक तिथून, उजेड अडतोय.’’

तो गेल्यावर मी म्हटलं, ‘‘अहो बाई, कशाला डोक्याला ताप? मुलगा कमावतो, सून चांगली आहे.’’

‘‘झेरॉक्स,’’ त्या मला याच नावानं हाक मारतात, ‘‘घरी मी कुणाची तरी आई आणि कुणाची तरी सासू. ते ठीकच आहे. पण टायपिस्ट मी फक्त इथं आहे. हे टेबल गेलं की ते संपलं. मला ते संपवायचं नाही.’’

मी मशीनमध्ये कागद भरला.

बाईंची एक भाची वाचनालयात काम करते. पस्तिशीची, शांत, मावशीच्या वळणावर अजिबात न गेलेली. तिच्या वाचनालयातले सगळे जुने कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमवर चालतात. ती तीन पेन ड्राइव्ह घेऊन आली. प्रत्येकात लिनक्सचा एकेक वेगळा प्रकार.

‘‘मावशी, हे आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघायचं. तुझ्या मशीनमधल्या कशालाही हात लागत नाही. आवडलं तर बसवायचं, नाहीतर काढून ठेवायचं. पण एक लक्षात ठेव, पेन ड्राइव्हवरून चालवलेलं मशीन बंद केलं की केलेले सगळे बदल विसरतं.’’

‘‘कुणाचं आहे हे?’’

‘‘सगळ्यांचं. प्रोग्रामचा आतला मजकूर उघडा असतो. जगभरातले लोक तो वाचतात, चूक दिसली की दाखवतात, दुरुस्त करतात.’’

‘‘म्हणजे मसुदा टेबलावर उघडा ठेवलाय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘बरं आहे की. कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या मसुद्यातल्याच चुका वर्षानुवर्षं राहतात.’’

भाची म्हणाली की नवशिक्यांसाठी यातलं कुठलं चांगलं यावर लोक तावातावानं भांडतात. बाईंनी त्या भांडणाला भीक घातली नाही. त्यांनी आपली परीक्षा स्वतःच काढली. एक चार पानी करारनामा घेतला, शेजारी कोरा कागद ठेवला, आणि ठरवलं की काम करताना मूळ कागदावरून जितक्या वेळा नजर उचलावी लागेल तितक्या रेघा कोऱ्या कागदावर मारायच्या. उघडायचं, टाइप करायचं, जपून ठेवायचं, छापायचं. बस्स. रेघा मोजायचं काम माझ्याकडे आलं. माझी गिऱ्हाईकं खोळंबली, पण सांगतो कुणाला?

पहिला प्रकार दिसायला देखणा. खिडक्या हलत डुलत उघडायच्या, कडेला गोंडस चित्रं. बाई प्रत्येक वेळी काय हललं म्हणून वर बघायच्या. सत्तेचाळीस रेघा. ‘‘लग्नात नटून आलेल्या पाहुण्यासारखं आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कौतुक करायचं आणि कामाला दुसरं बघायचं.’’

दुसरा प्रकार जाणकारांचा लाडका. त्याला प्रिंटर ओळखायला लावायचा तर काळ्या चौकोनात हुकूम लिहायचे होते. भाचीनं दोन लिहिले, तिसऱ्यावर तिनंही हात टेकले. मी एकोणतीस रेघांवर मोजणं सोडलं, कारण करारनामा अजून पहिल्याच पानावर होता.

तिसरा साधा. खाली डाव्या कोपऱ्यात यादी, यादीत लिहायचं काम, छापायचं काम, प्रत्येक गोष्ट जिथं असावी असं वाटतं तिथं. प्रिंटर त्यानं न सांगता ओळखला. बटणांची मांडणी बाईंना जुन्या टाइपरायटरची हवी होती, तीही यादीत सापडली. चार पानं झाली आणि मी रेघा मोजल्या. सहा.

‘‘हाच,’’ बाई म्हणाल्या.

‘‘दिसायला अगदीच साधा आहे हो,’’ मी म्हटलं.

‘‘तुम्ही कुठं मदनाचे पुतळे आहात? चाललंय ना एकोणीस वर्षं?’’

ठरलं. सोमवारी बाईंनी सगळी जुनी कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवली. टाइपरायटरच्या काळात त्या कार्बन घातल्याशिवाय कागद चढवायच्या नाहीत, ती सवय. रविवारी भाची येऊन सिस्टीम कायमची बसवणार होती. तोपर्यंत हात बसावा म्हणून बुधवारी बाईंनी पहिल्यांदा दिवसभर पेन ड्राइव्हवर काम केलं.

आणि गुरुवारी सकाळी साहेब तपासणीला आले. पंधरा तारखेला चार दिवस बाकी असताना. मागं कॉम्प्युटरवाला, कानाला लागलेला. पहिली पाच टेबलं पाहून झाली आणि वरात सहा नंबरपाशी थांबली.

‘‘हे काय आहे?’’ साहेबांनी पडद्याकडे बोट केलं.

‘‘लिनक्स. याला दुरुस्त्या मिळतात.’’

‘‘फुकटचं असतं ते, साहेब,’’ कॉम्प्युटरवाला म्हणाला. ‘‘फुकटच्या गोष्टीला वाली कोण? आणि यावर यांना काम तरी जमणार आहे का?’’

साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला वाद नको असायचा, आणि वाद टाळायचा तर एकसष्ट वर्षांच्या बाईला घरी पाठवणं सगळ्यात सोपं. ‘‘एक पान टाइप करून दाखवा,’’ ते म्हणाले.

बाईंनी खणातून कागद काढला. साहेबांचीच नोटीस. ती डावीकडे उभी केली, मान वळवली आणि सुरू झाल्या. मी सांगतो, त्या व्हरांड्यात एवढ्या वेगानं बटणं वाजलेली मी कधी ऐकली नव्हती. पाचही टेबलांचे टायपिस्ट उठून मागं उभे राहिले. बाईंची नजर कागदावर, आमची पडद्यावर.

पडद्यावर नुसता अक्षरांचा काला होता. एक शब्द लागत नव्हता. रात्री मशीन बंद केलं होतं, आणि पेन ड्राइव्ह जुन्या टाइपरायटरची मांडणी विसरून गेला होता. ज्या कुणाला बटणं बघायची किंवा पडदा बघायची सवय आहे त्याला पहिल्याच शब्दाला कळलं असतं. बाईंना कळलं शेवटच्या ओळीनंतर. मी दोनदा खाकरलो. पण टाइप करताना यांचे कानही कागदातच असतात.

त्यांनी वर पाहिलं. कॉम्प्युटरवाला हसला, आणि त्याच्याबरोबर आणखी एकदोघं हसले. आपल्याच व्हरांड्यातले. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही. त्यांचा चहा मी आजही नाकारतो.

‘‘चला,’’ साहेब म्हणाले. ‘‘पंधराची वाट कशाला बघायची?’’

बाईंचा चेहरा लाल झाला होता. वाटलं, आता रडतील. रडणं कसलं! त्यांनी तो काला छापला. व्यवस्थित, समासासकट. आणि साहेबांच्या हातात दिला.

‘‘यात एकही बोट चुकलेलं नाही. मांडणी चुकली, ती माझी चूक. भाचीनं सांगितलं होतं, मी कानामागं टाकलं. पण तुमच्या नोटिशीत पंधरा तारीख आहे. मीच टाइप केलीय, मला पाठ आहे. आज अकरा. तरी पंधरापर्यंत थांबा म्हणत नाही मी. चार वाजता या.’’

साहेबांनी घड्याळ पाहिलं, त्या पानाकडे पाहिलं, आणि ‘‘चार,’’ एवढं म्हणून गेले.

मी म्हटलं, ‘‘भाचीला बोलावू?’’

‘‘ती कामावर आहे.’’

‘‘मग रविवारचं काम आज करणार कोण?’’

‘‘तुम्हाला दिसतंय ना मी इथं बसलेली?’’

त्या सिस्टीम बसवायला लागल्या. एकेक प्रश्न पडद्यावर यायचा, त्या मोठ्यानं वाचायच्या, विचार करायच्या, उत्तर द्यायच्या. बटणांची मांडणी विचारली तेव्हा तिथं एक रिकामी चौकट होती, टाइप करून खात्री करा म्हणणारी. त्या चौकटीत बाईंनी चांगल्या दहा ओळी टाइप केल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पडद्याकडे टक लावून टाइप करताना पाहिलं. मग तो प्रश्न आला. डिस्कवरचं सगळं पुसून ही सिस्टीम बसवायची का? एकदा पुसलं की परत मिळणार नाही.

मी झेरॉक्स सोडून त्यांच्या खांद्यामागं आलो. दुसऱ्या डिस्कवर सगळं उतरवलेलं होतं हे मला ठाऊक होतं, तरी आलो. जुनी सिस्टीम म्हणजे निदान माहितीतली होती. हे फसलं तर चार वाजता टेबलावर नुसता काळा पडदा.

‘‘बाई, एकदा विचार करा.’’

‘‘विचार अकरा वर्षं त्या कंपनीनं केला माझ्यासाठी,’’ त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

बसायला तासभर लागला. बाईंनी तेवढ्यात डबा खाल्ला आणि मला लोणचं दिलं. मी ते हातात धरून पडदा बघत बसलो. मग दुरुस्त्या उतरल्या, प्रिंटर लागला, आणि पावणेचारला त्यांनी मशीन मुद्दाम बंद करून पुन्हा चालू केलं. मांडणी जागेवर होती.

चार वाजता साहेब आले. कॉम्प्युटरवाला या वेळी जरा मागं उभा होता. बाईंनी आधी दुरुस्त्यांची यादी उघडून दाखवली. ‘‘वाली कोण म्हणत होता ना हा? हे बघा. यातली शेवटची दुरुस्ती काल कुणीतरी केलीय. त्याचं नाव मला माहीत नाही आणि त्यानं मला घरी आराम करा असंही सांगितलेलं नाही.’’

साहेबांना हसू आवरलं नाही. मग नोटीस पुन्हा डावीकडे उभी राहिली. मी कोरा कागद घेऊन रेघा मारायला तयार होतो. पान संपलं, छापून आलं, साहेबांनी दोन्ही नोटिशी शेजारी धरून शब्द न् शब्द वाचला. माझा कागद कोराच राहिला.

‘‘ठीक आहे,’’ साहेब म्हणाले. ‘‘बसा तुम्ही.’’

मला वाटलं, झालं. पण बाईंची बोटं बटणांवरून उठली नव्हती.

‘‘तोंडी नको, साहेब. लिहून द्या. तुम्हाला त्रास नको, मीच टाइप करते.’’

आणि साहेबांच्या तोंडावर, कॉम्प्युटरवाल्याच्या देखत, त्या एकेक शब्द मोठ्यानं म्हणत टाइप करायला लागल्या. टेबल क्रमांक सहावरील कॉम्प्युटरची तपासणी आज करण्यात आली. सिस्टीमला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. सदर टेबल संबंधित टायपिस्ट काम करू इच्छितात तोपर्यंत त्यांच्याकडेच राहील.

‘‘तोपर्यंत?’’ साहेब म्हणाले.

‘‘तोपर्यंत,’’ बाई म्हणाल्या आणि पेन पुढं केलं.

साहेबांनी सही केली.

‘‘झेरॉक्स, दोन प्रती. एक कचेरीला, एक मला.’’

मी तीन काढल्या. तिसरी माझ्या मशीनच्या काचेशेजारी चिकटवली आहे, फाटकासमोरच्या दुकानातून दिसेल अशी.