आप्पांचा डोळा आणि माझे ब्रेक

माझ्या गाडीचे ब्रेक संपले होते आणि हे मला सोडून सगळ्या महाडला ऐकू येत होतं.

मी गॅरेजमध्ये गेले होते फक्त ऑइल बदलायला. दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या वर डोंगरात असलेल्या आमच्या गावातून वडिलांना, म्हणजे आप्पांना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी खाली आणायचं होतं. ते वर्षभर टाळत होते. आधी लावणी, मग म्हैस व्यायची होती, मग व्यायलेल्या म्हशीला एकटं कसं सोडायचं. शेवटी शेजारच्या काकूंनी धार काढायचं कबूल केलं आणि आप्पांची कारणं संपली.

गॅरेजवाल्या सलीमभाईंनी बॉनेट उघडलं. "मॅडम, उंदरांनी वायरी कुरतडल्यात."

(आमचे हे गाडीत शेंगदाणे खातात. ते नाही म्हणतात.)

मग त्यांनी पुढचं चाक काढलं आणि आत बॅटरी मारली. घसा तपासताना डॉक्टर मारतात, तशी.

"ब्रेक दाबल्यावर आवाज येत नव्हता?"

"यायचा. किर्र असा."

"मग तुम्ही काय करायचात?"

"गाणी मोठ्याने लावायचे."

त्यांनी ब्रेकचा पॅड माझ्या हातावर ठेवला. पॅड कसला, नुसता पत्राच उरला होता. "हिला घेऊन घाट उतरू नका," ते एवढंच म्हणाले.

उद्या त्याच उतारावर शेजारच्या सीटवर आप्पा असणार होते. मी तिथल्या एका टायरवर बसले. (टायरला ग्रीस होतं, हे घरी गेल्यावर कळलं.)

नवे पॅड दुसऱ्या दिवशी येणार होते. मी दवाखान्यातून तारीख बदलून घेतली आणि आप्पांना फोन केला.

"उद्या नाय जमत आप्पा. गाडी बिघडलीय."

"मग ऱ्हाऊ दे गो," ते लगेच म्हणाले. "थोडं दिसतंय अजून."

"परवा येते."

"परवा?" त्यांचा आवाज पडला. सुटका एकाच दिवसाची होती.

परवा मी त्यांना घेऊन घाट उतरले. प्रत्येक वळणावर ब्रेक लागला की मला भरून येत होतं. आप्पा निवांत बसले होते.

"छान चालवतेस गो. कळत पण नाय."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं कौतुक केलं. ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाल्यावर त्यांना गावी सोडायला निघाले, तेव्हा ते लहान मुलासारखे दुकानांच्या पाट्या वाचत होते. हायवेला लागलो आणि मी एका ट्रकला मागे टाकलं. आप्पांचं वाचन थांबलं. दुसऱ्या ट्रकला त्यांनी दारावरची मूठ धरली.

पोलादपूरच्या स्टँडपाशी ते म्हणाले, "हितं थांबव."

"काय झालं? डोळा दुखतोय?"

"नाय. चांगलं दिसतंय. म्हणूनच पुढं यष्टीनं जातो."

आणि ते खरंच गेले. डोळ्यात घालायचे थेंब माझ्याकडेच राहिले होते, त्यामुळे नव्या ब्रेकची गाडी घेऊन मी गावापर्यंत यष्टीच्या मागे मागे गेले. मागच्या काचेतून आप्पा अधूनमधून हात करत होते, हळू चालव म्हणून.