सातव्या जोडप्याचा फोटो

बोरी अरबच्या बाजारात दुरुस्तीवाली आपा हसली की माणूस आधी स्टुलावर बसून घ्यायचा. कारण ती आधी हसायची आणि वाईट बातमी मागून सांगायची. "चाचा, तुमचा मोबाइल गेला," हे सांगायच्या आधी अशी हसायची, जसा काही घरी पाळणा हलला. नवरा टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. तो वारल्यावर दुकान तिनं धरलं. मोबाइल शिकली, मग कंप्युटर. मी तिसरीतून शाळा सोडलेला, पण कोणाचं ऐकून घ्यायची सवय मला कधी नव्हती. बाईमाणसाचं तर नाहीच.

त्या वर्षी कापसानं साऱ्यांचीच जिरवली होती, म्हणून माझ्या सुनंदाचं लग्न सामुदायिक मांडवात लागलं. सतरा जोडपी, साऱ्या पोरींना एकसारख्या पिवळ्या साड्या. माझा जीव आतून चरफडला. पोरगी म्हणाली, "बाबा, मले काही नको. जोडीचा एक फोटो पाह्यजे." मी शब्द दिला. आठव्या दिवशी फोटोवाला रडत आला. कॅमेऱ्यातलं कार्ड बिघडलं, सतराही लग्नं गायब!

आम्ही सारे बाप त्याला घेऊन आपाच्या दुकानात धडकलो. ती हसली.

"बेहोश हाय, मेलं नाही," ती म्हणाली. "पुसलेलं कुठं जात नाही चाचा, फक्त त्याचा पत्ता हरवते."

कार्डाचे पिवळे दात, म्हणजे कडेच्या धातूच्या पट्ट्या, तिनं खोडरबरानं घासले, कंप्युटरला लावलं आणि आम्हाला दम भरला, "कोनी हात लावान तर याद राखा!" दुपार टळता टळता पडद्यावर एकेक नवरी उगवायला लागली. दुकानात टाळ्या, शिट्ट्या! एका बापानं तर खिशातून ज्वारीचे दाणे काढून पडद्यावर अक्षता टाकल्या. आपा ओरडली, "अरे, कीबोर्डात जातीन ना!"

पण साऱ्या नवऱ्या मुली सारख्याच. पिवळी साडी, खाली मान, तोंडावर बाशिंग. नवरदेवही फेट्याबाशिंगात एकसारखेच. काही फोटो तर अर्धे राखाडी. एक फोटो आला आणि मी ओरडलो, "ही माही सुनंदा!"

"हट, ही माही पोरगी होय," दारव्ह्याकडचे एक गृहस्थ म्हणाले.

आपा मध्ये पडली. "चाचा, फोटोच्या पोटात टाइम लिवला असते. तुमचं जोडपं यादीत सातवं. हे नववं हाय."

"पोरीचा बाप मी हाव का तुही मशीन?"

ती पुन्हा हसली आणि फोटो छापायला लावला. माझा आवाज मोठा, म्हणून फोटो मला मिळाला. ते गृहस्थ रिकाम्या हातानं गेले.

मी फोटो चौकटीत बसवून भिंतीवर टांगला. दिवाळीला लेक-जावई आले. सुनंदानं वर पाहिलं आणि हसत हसत खालीच बसली. "बाबा, हे कोन होय?" जावई जवळ गेले, नीट पाहिलं. "मामाजी, हा तर मी नाही."

"त्या दिवशी तुमी तसेच दिसत होते!" मी म्हणालो.

मग सुनंदाचं हसू थांबलं. "म्हंजे माहा फोटो नाहीच?"

दुसऱ्या दिवशी चौकट काखेत मारून मी आपाकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत तिनं खणातून कागदात गुंडाळलेला फोटो काढला. सुनंदा, आणि शेजारी हुबेहूब आमचे जावई.

"मंग तवाच काहून नाही दिला?"

"तुमी घेतला असता?"

मी फोटो पुन्हा कागदात गुंडाळला.

"आता तो दुसरा ज्याचा त्याले देऊन या. भांडून तुमी नेला, मी नाही देनार."

गेलो. त्या गृहस्थांच्या भिंतीवर खिळा ठोकून ठेवलेला, वर काहीच नाही. मी चौकट त्यावर टांगली आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघालं, "माहं चुकलं." माझ्याच कानांना ते नवं वाटलं.

आपाला सांगितलं तर म्हणते, "हे तर कार्डात भरून ठेवा लागते चाचा. पुन्हा भेटनार नाही!"

पुढं ती लेकीकडे पुसदला राहायला गेली. एसटीत चढताना म्हणाली, "आता भांडान कोनाशी?"

"पुसदले एसटी जाते," मी म्हणालो.

गेलो पण. दोनदा. दोन्ही वेळा भांडलो, आणि तिचंच म्हणणं खरं निघालं.